हमादाबाईंच्या फळीवर

सॅन होजे, कॅलिफोर्निया
मंगळवार, १४ ऑक्टोबर २०२५
आश्विन वद्य पक्ष

विहीणबाई शोभाताई यांस,
अहिल्याचा सप्रेम नमस्कार.

दत्तमहाराजांच्या कृपेने इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. तुमचे गुडघे, नकुलची नोकरी, सगळं ठीक असेल असं धरून चालते. उर्वी आता उशीला टेकवून बसवली की बसते. बसली की आधी पायाचा अंगठा तोंडात. खालच्या हिरडीत पांढरं टोक दिसायला लागलंय. तुम्ही शिवून दिलेली दुपटी अजून रोजच्या वापरात आहेत. आकाशी दुपट्याची किनार उसवली होती, ती मी परवा शिवली. शिवांगीचं ऑफिस सुरू झालं. तीन दिवस जाते, दोन दिवस वरच्या खोलीत दार लावून बसते. सिद्धेश नेहमीसारखा. येतो, जेवतो, परत त्या कॉम्प्युटरपुढे बसतो.

नारळ इकडे अजून महाग आहेत आणि निम्मे नासके निघतात. दुकानदार कानाशी हलवून बघू देतो, तेवढंच सुख. महिन्याचा हिशेब मी इथेही लिहिते. सिद्धेश हसतो, "आई, कुणाला दाखवणार आहेस?" म्हणतो. दाखवायचा कुणाला नाही, पण लिहिल्याशिवाय मला महिना संपल्यासारखा वाटत नाही.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. दर रविवारी आपण बोलतोच. पण मी काही बोलायला गेले की तुम्ही "असू द्या ना, ताई" म्हणता, मग उर्वीला दाखवा म्हणता, आणि मी फोन उर्वीच्या तोंडासमोर धरते. खरं सांगायचं तर मलाही ते सोयीचं पडतं. पत्रात मध्येच कुणी असू द्या म्हणत नाही, म्हणून पत्र लिहायला बसले. मॅट्रिकनंतर एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही. तुम्ही शाळेत इतकी वर्षं वह्या तपासल्यात, तसंच हेही तपासून घ्या.

आधी बाहेरची हकिगत सांगते.

तुम्ही जुलैत गेलात, त्यानंतर माझी साखर वाढल्याचं निघालं. डॉक्टरने चालायला सांगितलं. तेव्हापासून सकाळी शिवांगीचं काम सुरू झालं की मी उर्वीला बाबागाडीत घालते आणि निघते. आपल्या घराभोवतीचा भाग जपानी लोकांचा आहे हे मला इतके दिवस पाट्यांवरून तेवढं माहीत होतं. सिद्धेशला ऑफिसची गाडी कोपऱ्यावरून मिळते म्हणून त्याने इथे घर घेतलं, बाकी आपले मराठी लोक सगळे सनीवेलला नाहीतर फ्रीमॉन्टला. मी त्याला बोललेही होते, कुठे आणून टाकलंस, नमस्कार करायला शेजारी कुणी माणूस नाही. शेजारचे म्हातारे तर रोज कमरेत वाकत होते. मलाच ते दिसत नव्हतं.

जॅक्सन स्ट्रीटवर आणि त्याच्या मागच्या गल्ल्यांत यांची चहा-कॉफीची दुकानं आहेत. कॅफे म्हटलं की आपल्यासमोर काचेचं मोठं चकचकीत दुकान येतं, ही तशी नाहीत. एकेक आपल्या माजघराएवढं. एकाच्या दाराला अर्ध्यापर्यंत कापडी पडदा, आपण देवघराला लावतो तसा, म्हणजे वाकूनच आत जायचं. एकात नुसता पाव भाजून देतात, पण पाव म्हणजे विटेएवढा जाड आणि वर लोण्याचा चौकोन, तो वितळेपर्यंत लोक बघत बसतात. एकाच्या खिडकीत चिनी मातीची मांजर बसवली आहे, ती एक पंजा सारखा हलवते. बरेच दिवस मला वाटायचं ती "पुढे व्हा" म्हणतेय. ती "आत या" म्हणते म्हणे.

आणि कोपऱ्यावरच्या दुकानाच्या खिडकीत रोज एक ताट वाढून ठेवलेलं असायचं. भात, आमटीसारखं काहीतरी, लोणचं, सगळं जिथल्या तिथे. रोज तेच. मला वाटलं नैवेद्य आहे. म्हणून जाता-येता मी हात जोडायचे. पुढे कळलं की ते ताट प्लास्टिकचं, आत काय मिळतं ते दाखवायला ठेवलेलं. हे मी घरी सांगितलं तेव्हा सिद्धेश इतका हसला की शिवांगी वरून खाली बघायला आली. तीही हसली. मग माझ्याकडे बघून थांबली.

आत मात्र मी कुठेच गेले नव्हते. एका कपाचे पैसे रुपयांत करून बघायची आणि पुढे चालायची. शिवाय परक्याच्या भांड्याला तोंड लावायचं नाही हा माझा नेम. तो तुम्हाला माहीत आहे. तुमच्याइतका तो दुसऱ्या कुणालाच माहीत नसेल.

सप्टेंबरात एके दिवशी ऊन फार होतं. पडदेवाल्या दुकानासमोर उर्वीने रडायला सुरुवात केली, काही केल्या गप्प होईना. तेवढ्यात पडद्याखालून एक बाई बाहेर आली. ठेंगणी, पांढरे केस, कमरेला ॲप्रन. आली ती थेट बाबागाडीपाशी आणि म्हणाली, "उर्वी."

मी म्हटलं, "तुम्हाला हिचं नाव कसं माहीत?"

"शोबाची उर्वी," ती म्हणाली. मग माझ्याकडे वर बघून, "तू मोठी बहीण."

शोभाताई, तुम्ही रोज सकाळी बाहेर पडायचात तेव्हा मला वाटायचं की पाचव्या रस्त्यावरच्या त्यांच्या बुद्धाच्या देवळात जाता आणि येता. आल्यावर "चहा बाहेरच झाला" म्हणायचात. त्यावर मी कधी कुठे झाला हे विचारलं नाही. "कुठे" विचारलं असतं तर "का" तेही ऐकावं लागलं असतं.

त्या तुमच्या हमादाबाई. त्यांनी मला आत नेलं. तुम्हाला ते दुकान माहीतच आहे, तरी माझ्या डोळ्यांनी सांगते. चार टेबलं, भिंतीला लागून लाकडी बाक, कुठे रेडिओ नाही, नुसता पाणी उकळल्याचा आवाज. त्यांनी आधी गरम पाण्यात पिळलेला घडीचा रुमाल दिला. मी हात पुसले, उर्वीचं तोंड पुसलं. उर्वी तिकडच्या कागदी कंदिलाकडे बघून गप्प झाली. बाई विचारायला लागल्या, काय घेणार. मी म्हटलं काही नको. त्यांनी ऐकलंच नाही, भाजलेल्या पानांचा चहा आणला. काय वास होता. फुटाण्याच्या भट्टीपाशी उभं राहिल्यासारखा. दूध नाही, साखर नाही, नुसती पानं आणि पाणी, हे मी दोनदा विचारून घेतलं. आणि मग पिशवीतून माझा स्टीलचा पेला काढून पुढे धरला. त्यांच्या कपाला तोंड लावायला नको म्हणून. हे मी स्पष्टच लिहिते, कारण पुढे जे झालं ते त्याशिवाय कळणार नाही.

हमादाबाई पेल्याकडे बघतच राहिल्या. मग खिडकीशी बसलेल्या म्हाताऱ्यांना हाक मारली, "ओकुबो-सान, आली. पेलेवाली आली."

ओकुबोंनी चष्मा वर केला. "मी म्हटलं होतं, येईल. किटली नाही आणली?"

"किटली पुढच्या वेळी," बाई म्हणाल्या आणि दोघं हसले. त्यांचं आणि माझं इंग्रजी एकाच मापाचं, त्यामुळे मला सगळं कळलं. मी विचारलं, कोण म्हणालं पेलेवाली येईल.

तर तुम्ही सांगून गेला होतात. जायच्या आदल्या दिवशी. हमादाबाईंनी ते मला बोटांवर मोजत, एकेक वाक्य करून सांगितलं. घरी मोठी बहीण आहे. देवाची माणूस आहे. हाताला चव आहे. एक दिवस येईल, तेव्हा स्वतःचा पेला घेऊन येईल, स्टीलचा. तिला काही म्हणू नका. तो पेला माझ्या कपाशेजारी ठेवा.

आणि त्यांनी माझा रिकामा झालेला पेला धुतला, पुसला आणि फळीवर ठेवला.

ती फळी तुम्हाला माहीत आहे. रोजच्या गिऱ्हाइकांचे कप तिथे राहतात, प्रत्येकाखाली नावाची चिठ्ठी. ज्याचा कप त्याचाच, दुसऱ्याला त्यातून देत नाहीत. बाईंनी हे समजावलं तेव्हा माझ्या मनात पहिलं काय आलं ते लिहायला हात अडखळतोय. मला वाटलं, बघा, हे लोकही वेगळा कप ठेवतात. क्षणभर मला बरं वाटलं, शोभाताई. सुटल्यासारखं वाटलं.

मग फळी नीट पाहिली. गल्ल्याच्या वर, आत येणाऱ्याची पहिली नजर पडेल अशी, आपले लोक दुकानात देवाची तसबीर लावतात तिथे. आपल्याकडचा वेगळा कप कुठे असतो हे तुम्हालाही माहीत आहे. मिरजेला आमच्या घरी तो मोरीच्या कोनाड्यात असायचा, कान तुटलेला. सासूबाईंनी ठेवला होता, मी तो कधी हलवला नाही. इथे माझा पेला वर, आणि त्याच्या शेजारी एक निळा कप, पांढऱ्या ठिपक्यांचा. बाईंनी खालच्या चिठ्ठीवर बोट ठेवून वाचलं, "शोबा."

मी उर्वीला घेऊन घरी आले. पेला तिथेच राहिला. परत मागायला तोंड झालं नाही.

आता आतली हकिगत. ती तुम्हाला माहीत आहे, तरी माझ्या हाताने लिहायला हवी. तुम्ही नकुलच्या कामासाठी लवकर गेलात असं मी इकडे सगळ्यांना सांगते. सनीवेलच्या बायकांनाही तेच सांगितलं. नकुलचं काही काम नव्हतं.

तुम्ही आलात त्याच आठवड्यात मी कागदी पेल्यांचं पुडकं आणवलं. सिद्धेशला म्हटलं, बाळंतिणीचं घर, पाहुणे येणार, भांडी कोण घासणार. पाहुणे आले ते बारशाला, आणि त्यांना मी शिवांगीच्या कपाटातले चांगले मग काढून दिले. कागदी पेला रोज फक्त तुमच्यापुढे यायचा. सिद्धेशला मग, शिवांगीला मग, मला माझं स्टील आणि तुम्हाला कागद. तुम्ही पहिल्या दिवशी म्हणालात, "बरं झालं, घासायला नको." मी म्हटलं, "तेच तर." आपण दोघीही किती शहाण्यासारखं बोललो.

मी प्लास्टिकच्या पिशव्या धुऊन दोरीवर वाळत घालते. दुधाच्या डब्यात कोथिंबीर लावते. लग्नपत्रिकेच्या मागच्या बाजूला वाणसामान लिहिते. अशी बाई एकदा वापरून टाकायचे पेले विकत आणते, तेव्हा घरातल्या माणसाला आणखी काही सांगावं लागत नाही. शिवांगीला तेवढ्यावरूनच कळलं असणार.

आणि जूनमधली ती संध्याकाळ. तुम्ही चहा घेतलात, उठलात, कागदी पेला नळाखाली धुतलात आणि ओट्याच्या कडेला पालथा घातलात. माझ्या स्टीलपासून हातभर लांब. कागदाचा पेला कुणी धुतो का, शोभाताई. तुम्ही विचार करून केलं नसेल. हात आपोआप तिकडे गेला असेल, लहानपणी कुठल्या तरी घराच्या पायरीवर शिकलेला. पाण्याने तो भिजला आणि आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू बसला. शिवांगी उर्वीला खांद्यावर घेऊन दारात उभी होती. तिने विचारलं, "हा पेला कुणी धुतला?" सिद्धेश फ्रिज उघडून उभा राहिला, त्यातून काही काढलं मात्र नाही. तुम्ही म्हणालात, "असू द्या ना." शिवांगीने अख्खं पुडकं उचलून कचऱ्यात टाकलं. माझ्या मनात आलं, अर्ध्याहून जास्त शिल्लक होते. हेच मनात आलं, खरं सांगते.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही सकाळी फिरायला जायला लागलात.

मी तुम्हाला सोवळ्याचं सांगितलं होतं, नेमाचं सांगितलं होतं, चातुर्मास येतोय असंही सांगितलं होतं. त्यातलं काही नव्हतं. मी तुम्हाला कागदी पेला दिला तो तुमच्या जातीसाठी दिला. लिहिलं. शिवांगी माझी सून होऊन चार वर्षं झाली, तिच्या हातचं मी खाते, कारण खाल्लं नाही तर मुलगा तुटेल. तुम्हाला दुखवून मुलगा तुटणार नव्हता. म्हणून जे सुनेच्या बाबतीत गिळलं ते तुमच्यावर काढलं. महाराजांपुढे रोज दिवा लावताना मला हे माहीत होतं. देवाने मला कधी विचारलं नाही, आणि मी तीच त्याची संमती धरली.

पेला फळीवर राहिला म्हटल्यावर घरी माझ्याकडे दुसरा नव्हता. एकाला दुसरा कशाला, म्हणून एकच आणला होता. नवा घ्यायचा तर पैसे आणि सिद्धेशला कारण, दोन्ही द्यावं लागलं असतं. पहिले काही दिवस मी नळाखाली ओंजळ धरून पाणी प्यायले. चहा घेतलाच नाही, उपास आहे म्हटलं. शिवांगी बघत होती. मग एका दुपारी तिने स्वतःच्या मगमध्ये चहा करून माझ्यापुढे ठेवला आणि वर निघून गेली. मी तो पुष्कळ वेळ तसाच ठेवला. वर साय धरली. मग प्यायले. काही झालं नाही. घशात अडकलं नाही, अंगावर काटा आला नाही, देवघरातला दिवा विझला नाही. काहीच झालं नाही, आणि लाज वाटली ती त्याचीच. एवढ्याशासाठी मी तुम्हाला घराबाहेर चहा प्यायला लावला.

आता मी रोज हमादाबाईंकडे जाते. पैसे देते, त्या अर्धे परत करतात, मी आपल्या दारातल्या परसिमनच्या झाडाखाली पडलेली फळं वेचून त्यांना देते. टोमॅटोसारखी दिसतात, आत मध. ओकुबो उर्वीशी जपानीत बोलतात आणि ती त्यांना उत्तर देते. मला म्हणतात, "पेलेवाली, किटली कधी?" स्टीलचा पेला तापतो, हाताला चटका बसतो. पदराने धरते तेव्हा सगळे बघतात. एकदा बाई म्हणाल्या, "आजच्या दिवस शोबाच्या कपात घे. ती काही म्हणायची नाही." आणि तो निळा कप काढून पुढे ठेवला. तुमच्या कपातून चहा प्यायची मला फार इच्छा झाली. तुमच्या कपाला तोंड लावलं की सगळं फिटलं असं मनाशी धरून घरी जाता आलं असतं. पण तो कप तुमचा. तुम्हाला न विचारता तोही उचलायचा आणि वर स्वतःला चांगलं म्हणवून घ्यायचं, हे मला जमलं नाही. मी तो परत फळीवर ठेवला. पेल्याचा चटका घेतला.

दरम्यान घरी उर्वीच्या उष्टावणाचा विषय निघाला. मीच काढला. सातवा महिना लागेल नोव्हेंबरात, मामाने चांदीच्या वाटीतून पहिली खीर भरवायची असते, नकुलला रजा मिळेल का, असं मी जेवताना म्हटलं.

शिवांगी म्हणाली, "आई, भरवायचं असेल तर मम्मी भरवेल."

"अगं, मामाचा मान असतो."

"मान राहू दे. मम्मीच्या हाताने, मम्मीने आणलेल्या वाटीतून. ती येणार नसेल तर मी अशीच सोफ्यावर बसून भरवीन. फंक्शन कॅन्सल."

सिद्धेश म्हणाला, "यार शिवांगी, आई काय म्हणतेय ते तरी..."

"तू नको बोलूस. तूही तिथेच होतास, फ्रिज उघडून."

सिद्धेशने मान खाली घातली. मी म्हटलं, मग बोलाव ना आईला, तिकीट आपण काढू.

शिवांगी माझ्याकडे बघून म्हणाली, "मी नाही बोलावणार. मी बोलावलं तर ती माझ्यासाठी येईल. गप्प बसेल, आणि परत..." मग ती ताट उचलून आत गेली. तिने मला उलट उत्तर दिलं नाही, भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. उष्टावण तुमच्यात करतात की नाही हेसुद्धा मला माहीत नाही. इतक्या दिवसांत मी ते विचारलंच नाही. मी सगळं माझ्याच पद्धतीने होणार असं धरून चालले होते.

आणि आता शेवटचं, ज्यासाठी आज घाईने बसले.

हमादाबाई या दिवसांत फळी रिकामी करून पुसतात. जो बरेच दिवस आला नाही त्याचा कप कापडात गुंडाळून त्याच्या घरी पोचवतात. तसाच ठेवला तर त्याची वाट बघावी लागते, आणि त्यांना म्हणे आता वाट बघायचं बळ राहिलं नाही. परवा मी गेले तेव्हा त्यांनी तुमचा कप काढून कापडावर ठेवला होता. मला म्हणाल्या, "शोबा येणार नाही ना? तू घरची. तू ने."

मी घरची. शोभाताई, कप हातात घेऊन मी उभी राहिले आणि मला कळेना, आपल्या घरात मी तो कुठे ठेवणार. कपाटात शिवांगीच्या मगांबरोबर ठेवला तर ती विचारणार. माझ्या देवाजवळ ठेवला तर ते ढोंग. आणि नुसता ओट्यावर ठेवला तर मला तोच कागदी पेला दिसत राहणार, बसत चाललेला.

मी म्हटलं, "येणार आहे. नोव्हेंबरात."

"नक्की?"

"नक्की."

"मग ठेवा हो," ओकुबो म्हणाले, "एवढासा कप, जागा ती किती अडवतो."

त्यांनी तो परत वर ठेवला, माझ्या पेल्याशेजारी. मी तुमच्या वतीने वचन देऊन बसले. तसं करायचा मला काडीचा अधिकार नव्हता. तुम्हाला विचारलेलं नाही, शिवांगीला सांगितलेलं नाही. हे पत्रही तिला दाखवलेलं नाही. तिकडे पोचायला बरेच दिवस लागतील म्हणून आजच टपालात टाकते.

तुम्ही हमादाबाईंना म्हणालात, पेला माझ्या कपाशेजारी ठेवा. हे तुम्ही मायेने म्हणालात, चेष्टेने, की मला एक दिवस कळावं म्हणून, यावर मी रोज विचार करते. मला कळलेलं नाही. जे असेल ते मला मिळालं.

तुम्ही या, असं लिहिते. माफ करा, असं लिहीत नाही, कारण तुम्ही "असू द्या ना" म्हणाल आणि मी परत मोकळी होईन. आलात तर उर्वीला पहिला घास तुमच्या हातचा, तुमच्या वाटीतला, तुमच्यात जसं करतात तसा. मी पाट मांडीन आणि बाजूला बसेन. आला नाहीत तर मी हमादाबाईंना जाऊन खरं सांगेन की मी खोटं बोलले, आणि तुमचा कप नेऊ देत असतील तर नागपूरला तुमच्या पत्त्यावर पाठवीन. तो मी या घरात ठेवणार नाही. अजून मला तेवढा हक्क नाही.

नकुलला आशीर्वाद. पत्राच्या शेवटी लहानांना आशीर्वाद आणि मोठ्यांना नमस्कार लिहायची मला सवय आहे. तुम्ही माझ्याहून वयाने लहान, आणि मी मुलाची आई. रीतीप्रमाणे तुम्हाला काय लिहायचं ते मला माहीत आहे. रीत बाजूला ठेवते. वाकून नमस्कार.

तुमच्या कपाला शेजार देणारी,
अहिल्या